विकणारे होम वॉरंटी देतायत, मग फर्नेसचे पैसे सोडून द्यावेत का? (न्यू जर्सी)

कढीपत्ता
नमस्कार मंडळी. आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो आणि सध्या एक घर विकतोय, एक घेतोय. दोन्हीकडे एकाच वेळी "होम वॉरंटी" (घरातली यंत्रं बिघडली तर दुरुस्त करून देण्याचा कंपनीचा करार) हा शब्द आला आहे आणि माझा पार गोंधळ उडाला आहे.

घेतोय ते घर १९७८ सालचं, कोलोनिअल धाटणीचं आहे. बाबांचे गुडघे फार दुखतात, जिना आता जमत नाही. या घरात खालच्या मजल्यावर एक बेडरूम आणि पूर्ण बाथरूम आहे, म्हणून जीव अडकलाय. गेल्या शनिवारी इन्स्पेक्शन झालं. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) २००१ चा आहे, चालतोय, पण "आयुष्य संपत आले आहे" असा शेरा आहे. एसी २००६ चा आणि वॉटर हीटर ११ वर्षांचा. आम्ही वकिलांमार्फत ६,००० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे व्यवहारात तेवढी सूट, मागितलं.

काल आमच्या रिअल्टरचा, म्हणजे घराच्या दलाल बाईंचा, फोन आला. विकणारे क्रेडिट द्यायला तयार नाहीत, त्याऐवजी वर्षभराची होम वॉरंटी घेऊन देतील. फर्नेस गेला तर कंपनीच नवीन बसवून देईल, मग तुम्हाला क्रेडिट कशाला हवं, असं तिचं म्हणणं. ऐकायला बरं वाटतं, पण साधारण ६०० डॉलरच्या कागदावर कोणी पाच-सहा हजारांचा फर्नेस देईल का?

नवरा म्हणतो, घराचा इन्शुरन्स घेतोच आहोत, मग हे वेगळं काय? बाबा विचारतात, पुण्यात बिल्डरची पाच वर्षांची हमी असते तसलं काही आहे का? आणि तिकडे आमचं टाउनहाउस घेणारं जोडपंही आमच्याकडे होम वॉरंटी मागतंय. ते आम्ही २०१९ मध्ये बिल्डरकडून नवं घेतलं होतं.

मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचंय. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

रॅरिटन_काठ
आम्हाला चांगला अनुभव आला. पहिल्या वर्षात डिशवॉशर आणि सिंकखालचं गार्बेज डिस्पोजल, दोन्ही गेले. दर भेटीला ८५ डॉलर भरले, दोन्ही दुरुस्त झाले. विकणारे पैसे भरत असतील तर घेऊन टाका.

उंबरठा
कढीपत्ता, मंगळवारपर्यंत वेळ आहे ना, मग आज एवढं वाचा आणि उद्या वकिलांशी बोला. रॅरिटन_काठ यांचा अनुभव खरा आहे. लहान वस्तूंसाठी वॉरंटी उपयोगी पडते. फर्नेसचं गणित वेगळं आहे.

आम्ही २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये समरसेट काउंटीत घर घेतलं, १९८४ सालचं. आमच्यासमोर अगदी हाच प्रस्ताव आला होता. फर्नेस १९ वर्षांचा होता. आम्ही ४,००० मागितले, त्यांनी ५२५ डॉलरची वॉरंटी देऊ केली आणि आम्ही हो म्हटलं. पहिलंच घर, ते हातचं जाईल या भीतीपोटी.

६ जानेवारीला पहाटे उठलो तर घर गार पडलेलं. थर्मोस्टॅटवर ५४ फॅरनहाइट, म्हणजे १२ सेल्सिअस. सांगलीहून आई आलेली, मुलगी आठ महिन्यांची. कंपनीला फोन केला. पलीकडे माणूस यायलाच चाळीस मिनिटं गेली आणि बोलायच्या आधी ७५ डॉलर कार्डावर घेतले. दुरुस्तीवाला आपण निवडायचा नसतो, कंपनी पाठवेल तो. तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर आम्ही चौघं एका खोलीत, दोन इलेक्ट्रिक हीटर लावून, आणि पाइप गोठू नयेत म्हणून सगळे नळ बारीक सोडलेले.

त्याने फर्नेस उघडला तर हीट एक्स्चेंजरला तडा गेलेला. जळणाचा धूर आणि घरात फिरणारी हवा यांच्यामधला हा पत्रा. त्याला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याने तिथल्या तिथे गॅस बंद केला आणि 'वापरू नका' असा लाल टॅग लावला. त्याबद्दल त्या माणसाचे आजही आभार. दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं: नामंजूर. कारणं दोन. देखभाल झालेली नाही, आणि दोष आधीपासूनचा आहे. आम्हाला त्या घरात अडीच महिने झाले होते. आधीच्या एकोणीस वर्षांच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या आम्ही कुठून आणणार?

आई गप्प बसून होती. नंतर म्हणाली, "अगं, कागद वाच ना सगळा. काहीतरी असेल." मग मी रात्री बसून करार वाचला. तो क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आधी वाचायचा असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे. त्यात एक कलम होतं की खरेदीआधीचा दोष साध्या नजरेला दिसण्यासारखा नसेल आणि यंत्र चालवून पाहिल्यावरही कळण्यासारखा नसेल, तर तो वॉरंटीत धरला जाईल. आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये फर्नेस चालवून पाहिल्याची नोंद होती, कार्बन मोनॉक्साइडचं माप शून्य. कलमाचा क्रमांक, रिपोर्टचं ते पान आणि नोव्हेंबरमध्ये फिल्टर आणल्याची पावती जोडून लेखी अपील पाठवलं. नऊ दिवसांनी मंजूर झालं.

ते नऊ दिवस आई आणि मुलगी एडिसनला मैत्रिणीकडे होत्या. आपण आपला माणूस बोलावून फर्नेस बदलला असता तर? चालत नाही. कंपनीच्या मंजुरीआधी काम केलं की दावा संपला, हे करारात स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता "मंजूर" म्हणजे काय ते ऐका. कंपनी म्हणाली, आमचा माणूस दोन आठवड्यांनी नवीन फर्नेस बसवेल. पण टाउनशिपचं परमिट, जुना फर्नेस उचलून नेणं, डक्टची जोडणी बदलणं आणि चिमणीचं लायनर यातलं काहीही करारात बसत नाही, त्याचे १,९०० डॉलर तुमचे. ते नको असेल तर रोख घ्या, २,१५०. रोख रक्कम ठरते ती त्यांना घाऊक दरात पडणाऱ्या खर्चावरून. तुमच्या गावात काय भाव चालतो त्याच्याशी तिचा संबंध नाही. आमच्या भागातल्या माणसाने सगळं धरून ५,४०० सांगितले होते आणि तो दोन दिवसांत येणार होता. आम्ही रोख घेतली.

फोनचे ७५ धरून एकूण ५,४७५ गेले, २,१५० परत आले. पदरचे ३,३२५. ते ४,००० चं क्रेडिट धरून ठेवलं असतं तर १,४०० मध्ये भागलं असतं, आणि थंडी पडायच्या आधीच नवीन बसवून घेतला असता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. क्रेडिट हे तुमचे पैसे, वॉरंटी हे तिसऱ्याच कंपनीचं अटींसह वचन. दोन्ही एकाच तराजूत घालू नका. क्रेडिटवर ठाम राहा, रक्कम हवी तर थोडी खाली आणा. वॉरंटी वरून मिळत असेल तर आनंदाने घ्या.

मिस्टरांना सांगा, इन्शुरन्स वेगळा. समजा पाइप अचानक फुटला आणि लाकडी फ्लोअरिंग भिजून फुगलं, तर फ्लोअरिंगसाठी इन्शुरन्स. तो पाइप दुरुस्त करायला वॉरंटी. वापरून वापरून झिजलेल्या यंत्राचे पैसे इन्शुरन्स देत नाही. वॉरंटी आहे ती त्या झिजेसाठीच.

कढीपत्ता
उंबरठाताई, मनापासून धन्यवाद. बाबांना वाचून दाखवलं. तुमच्या आईंचं वाक्य ऐकून ते म्हणाले, बरोबर बोलल्या.

एक शंका. आमच्या रिपोर्टमध्ये "आयुष्य संपत आले आहे" असं लिहिलंय. मग उद्या कंपनी म्हणेल ना, की तुम्हाला आधीच माहीत होतं?

उंबरठा
म्हणू शकते. पण जुना असणं आणि नादुरुस्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्स्पेक्टरने चालवून पाहिला, चालला, अशी नोंद आहे का बघा. नसेल तर त्यांना ईमेल करून ती लेखी मागून घ्या. उलट एसीबद्दल "गारवा पुरेसा नाही" असं काही लिहिलं असेल, तर तो माहीत असलेला दोष झाला. त्याचे पैसे वॉरंटीतून मिळतील ही आशा धरू नका, विकणाऱ्यांकडूनच घ्या.

आणि त्या २००६ च्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचा. आर-२२ किंवा एचसीएफसी-२२ (थंडावा देणाऱ्या एकाच गॅसची नावं) लिहिलं असेल तर तो गॅस अमेरिकेत बनवणं आणि आयात करणं १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. उरलेल्या साठ्यातून मिळतो, फार महाग. कित्येक वॉरंट्या गॅसचे पैसे पौंडामागे ठराविक रकमेपर्यंतच देतात. करारात "रेफ्रिजरंट" (म्हणजे हाच गॅस) शब्द शोधा, मग प्रत्येक वस्तूची कमाल मर्यादा, मग परमिट आणि जुनं यंत्र उचलून नेणं. तुमच्या घराच्या बाबतीत एवढं नीट वाचलंत तरी पुष्कळ आहे.

क्रेडिट क्लोजिंग खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही आणि कर्जाच्या प्रकारानुसार त्याला टक्केवारीची मर्यादा असते, तेव्हा आकडा बँकेच्या माणसाकडून आधी तपासून घ्या. आणि विकणारे वॉरंटी देणारच असतील तर क्लोजिंग डिस्क्लोजरवर (व्यवहाराच्या शेवटच्या हिशोबाच्या कागदावर) तिची स्वतंत्र ओळ असते. ती विकणाऱ्यांच्या रकान्यात आहे ना, ते सही करण्याआधी पाहा.

टेकडीवरून
उंबरठा यांनी घेण्याची बाजू छान मांडली आहे. विकण्याच्या बाजूबद्दल मी लिहितो. तीस वर्षं जर्सीत आहे, तीन घरं विकली.

कढीपत्ता, तुमचं टाउनहाउस २०१९ चं, नवं घेतलेलं. म्हणजे तुमच्याकडे आधीच एक वॉरंटी आहे आणि ती तुम्ही विसरलात. न्यू जर्सीत १९७७ चा कायदा आहे. नवीन घर बांधणाऱ्याने त्यानुसार वॉरंटी द्यावीच लागते. पहिलं वर्ष कारागिरी आणि साहित्य, दोन वर्षांपर्यंत प्लंबिंग, वायरिंग, हीटिंगची बसवणूक, आणि दहा वर्षांपर्यंत मोठे बांधकामदोष, म्हणजे पाया किंवा भार पेलणारी भिंत यासारखं. तुमच्या पहिल्या दोन मुदती संपल्या, तिसरी २०२९ पर्यंत आहे. आणि ती घरासोबत जाते, नव्या मालकाला लागू होते. क्लोजिंगच्या वेळी बिल्डरने दिलेलं प्रमाणपत्र शोधा. एका पानाचा कागद असतो, बहुतेक मंडळी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

हा कागद त्या जोडप्याच्या हातात ठेवा. त्यांना होम वॉरंटीपेक्षा याची किंमत जास्त आहे, कारण पाया किंवा भिंती होम वॉरंटी सहसा धरत नाही. टाउनहाउसचं छत आणि बाहेरच्या भिंती असोसिएशनकडे (आपल्याकडची सोसायटी) असतील तर तेही सांगा.

तरीही त्यांना होम वॉरंटी हवीच असेल तर द्या, त्यात तुमचा फायदाही आहे. जुलैत डिशवॉशर बंद पडला तर ते कंपनीला फोन करतील, तुमच्या वकिलाला नाही. फक्त तोंडी शब्द देऊ नका. वकिलांकरवी "अमुक रकमेपर्यंत" असं लिहा, नाहीतर ते सगळ्यात महाग योजना निवडतील. एक मात्र लक्षात असू द्या. वॉरंटी दिली म्हणून माहीत असलेला दोष लपवता येत नाही. ऑगस्ट २०२४ पासून जर्सीत घर विकणाऱ्याने मालमत्तेच्या स्थितीचं विवरणपत्र भरणं बंधनकारक आहे. बेसमेंटमध्ये एकदा जरी पाणी आलं असेल तरी लिहा.

आणि १९७८ च्या घराबद्दल एक गोष्ट कोणीच विचारली नाही, ती म्हणजे तेलाची टाकी. आधी तेलावर हीटिंग होतं का? जर्सीत जुन्या घरांच्या आवारात जमिनीत पुरलेल्या टाक्या निघतात. गळली असेल तर माती साफ करण्याचा खर्च नव्या मालकाच्या डोक्यावर येतो आणि तो हजारोंत जातो. ना होम वॉरंटी कामाला येते, ना सहसा इन्शुरन्स. टँक स्वीपला, म्हणजे पुरलेली टाकी शोधायच्या तपासणीला, काहीशे डॉलर लागतात. इन्स्पेक्शनची मुदत संपायच्या आत करून घ्या. सहा हजारांच्या क्रेडिटपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

सिंहगड_रोड
बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पुण्यातून देतो. ते म्हणतायत ती रेराच्या, म्हणजे भारतातल्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १४(३) ची हमी. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर नुकसानभरपाई. रीसेलमध्ये घेणाऱ्यालाही लागू, कारण कायद्यातल्या व्याख्येत नंतर विकत घेणारा येतो. मात्र पाच वर्षं मोजायची ती ताब्याच्या तारखेपासून.

आमच्या बिल्डिंगमध्ये एका शेजाऱ्यांनी बाथरूमच्या टाइल्स स्वतः बदलल्या आणि खालच्या घरात ओल आली. करारात लिहिलेलं होतं की बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूममध्ये फेरफार केला तर हमी संपते. बिल्डरने तेच पान पुढे केलं. म्हणजे तुमच्या टाउनहाउसची दहा वर्षांची हमी या जातीची, बांधणाऱ्याची. होम वॉरंटी म्हणजे आपल्याकडचा फ्रिज-एसीचा एएमसी (वार्षिक देखभाल करार) समजा, अख्ख्या घराचा. बाबांना असं सांगितलंत तर लगेच कळेल.

रॅरिटन_काठ
मी वर "घेऊन टाका" लिहिलं होतं. क्रेडिटच्या बदल्यात असं माझ्या लक्षात आलं नव्हतं. उंबरठा यांचं वाचून आमचा करार काढून पाहिला. हीटिंगला कमाल मर्यादा १,५०० डॉलर आहे. पुढच्या महिन्यात नूतनीकरण होतं, ते रद्द करून दरमहा ६० डॉलर वेगळे ठेवायचं ठरवलंय.

आणखी एक. घर नावावर झालं की "तुमची होम वॉरंटी संपत आली आहे, त्वरित फोन करा" अशी सरकारी वाटणारी पत्रं येतील. खरेदीखताची नोंद सार्वजनिक असते, तिथून पत्ता उचलतात. आमच्या सासूबाई फोन लावायच्या बेतात होत्या. बाबांना आधीच सांगून ठेवा.

कढीपत्ता
शुक्रवार. सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

मंगळवारी वकिलांमार्फत लिहून कळवलं की वॉरंटी नको, क्रेडिट हवं. रिअल्टर जरा नाराज झाली, पण तिने ते पोहोचवलं. दोन दिवस काहीच उत्तर नव्हतं. मी पोटात गोळा घेऊन ऑफिसला जात होते. काल संध्याकाळी ४,८०० वर मान्य झालं. बँकेने आकडा मर्यादेत आहे असं सांगितलं.

टेकडीवरून काका, टँक स्वीप उद्या सकाळी आहे. विकणाऱ्या बाई म्हणतात घर सुरुवातीपासून गॅसवरच होतं, पण बेसमेंटच्या भिंतीतून तांब्याच्या दोन कापलेल्या नळ्या बाहेर डोकावतात, जुन्या तेलाच्या टाकीच्या असाव्यात तशा. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्यांच्याकडे पाहिलंही नसतं. वकिलांनी तेवढ्यासाठी मुदत वाढवून घेतली आहे.

आणि टाउनहाउसचं प्रमाणपत्र सापडलं! २०१९ च्या निळ्या फाइलमध्ये, पडद्यांच्या पावत्यांच्या खाली. सप्टेंबर २०२९ पर्यंतचं आहे. त्या जोडप्याला स्कॅन पाठवलं. त्या मुलीचा फोन आला, तिला असं काही असतं हे माहीतच नव्हतं. ५०० डॉलरपर्यंतची होम वॉरंटीही आम्ही देतोय. त्यांचंही पहिलंच घर आहे.

उंबरठाताई, शेवटचं विचारते. क्लोजिंग जूनमध्ये. फर्नेस लगेच बदलू की एक हिवाळा काढू?

उंबरठा
लगेच बदला. जुलै-ऑगस्टमध्ये एसीवाल्यांची धावपळ असते, म्हणून सप्टेंबरची तारीख आत्ताच धरून ठेवा. तीन जणांकडून लेखी भाव घ्या आणि तिघांनाही परमिट आणि चिमणीचं लायनर धरून आकडा मागा, नाहीतर तुलना करता येणार नाही. एसी आर-२२ चा निघाला तर दोन्हींचा एकत्र भाव विचारा.

तोवर प्रत्येक झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते राहायला जाल त्याच दिवशी बटण दाबून तपासा. विकणाऱ्यांना क्लोजिंगआधी अलार्म बसवल्याचं टाउनशिपचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यामुळे ते असायला हवेत. पण खालच्या मजल्यावर बाबांच्या खोलीबाहेर एक नवीन तुम्ही स्वतः आणून लावा. त्यांच्या खोलीच्या अगदी खाली फर्नेस असेल.

उद्या स्वीपचं काय झालं ते लिहा. मी वाट पाहते.